बिनआवाजाचं गाणं

माणूस दारातून आत आला, की त्याला किती ऐकू येतं ते मी तो खुर्चीत बसायच्या आत सांगते! थट्टा नाही करत. अठरा वर्षं लोकांच्या कानांना मशीन बसवतेय. कोण मान किती तिरकी करतो, कोण समोरच्याच्या ओठांकडे टक लावून बघतो, कोण काही कळलेलं नसताना "हो हो, अगदी बरोबर" म्हणून हसतो, हे मला लांबूनच दिसतं. तपासणी करते ती आपली कागदावर काहीतरी असावं म्हणून. एकदा तर बसस्टॉपवर एका अनोळखी गृहस्थांना म्हटलं, "तुमचा डावा कान एकदा दाखवून घ्या." ते म्हणाले, "काय?"

बघा!

तर अशा या तज्ज्ञ बाईच्या सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती.

सासरे, म्हणजे बाबा, आयुष्यभर एका थिएटरात प्रोजेक्टर चालवत होते. सासूबाई, म्हणजे आई, त्याच थिएटरच्या तिकीट खिडकीत बसायच्या. दोघांचं जुळलं ते एका हिंदी सिनेमातल्या गाण्यामुळे. गाणं कोणतं ते सांगणार नाही. सांगितलं, तर पुढची गोष्ट तुम्ही ते गुणगुणत वाचाल आणि माझ्याकडे कुणाचं लक्ष राहणार नाही. पण तुम्हाला ते माहीत आहे. कुठेही काही साजरं होत असलं, की वाजतं ना, ते! लग्नात वाजतं, निकाल लागला की वाजतं, घरात नवीन फ्रीज आला तरी वाजतं. आधी ढोलकी, मग बासरी, आणि मग कोरस असा काही उसळतो, की ज्याला जन्मात नाचता आलं नाही त्याचाही एक खांदा त्याला न विचारता उडायला लागतो.

तो सिनेमा थिएटरात महिनोन् महिने चालला. गाणं यायच्या वेळेपर्यंत तिकिटं संपलेली असायची. आई खिडकी बंद करून वर यायच्या आणि प्रोजेक्टरच्या खोलीबाहेरच्या जिन्यावर उभ्या राहायच्या. खाली सगळं थिएटर उठून नाचायचं. बाबा वरून, वहीच्या पानाएवढ्या चौकोनी झरोक्यातून बघत राहायचे. त्यांना दिसायच्या त्या फक्त नाचणाऱ्यांच्या पाठी, आणि त्या पाठींच्या वरून जाणारा प्रकाशाचा पट्टा.

"आणि तुम्ही? तुम्ही कधी नाचला नाहीत?" मी एकदा विचारलं होतं.

"मी?" बाबा दचकलेच. "अगं, प्रोजेक्टर सोडून? रीळ तुटलं असतं म्हणजे?"

म्हणजे बघा, त्या गाण्यावर बाबांनी हजारो माणसं नाचवली आणि स्वतः एक पाऊलही टाकलं नाही. आणि जिन्यावर उभ्या असलेल्या आईंनीही नाही. कारण एकटी बाई जिन्यावर कशी नाचणार?

दोन वर्षांपूर्वी बाबांना कमी ऐकू यायला लागलं. मी लगेच त्यांना दोन्ही कानांत उत्तम मशीनं बसवून दिली. तरी घर काही बोलकं झालं नाही. बाबा खिडकीशी बसायचे, आई त्यांच्याशेजारी. दोघं मिळून समोरच्या गच्चीवर वाळणारे कपडे बघायचे. मी काही सांगायला गेले की बाबा "अं?" म्हणायचे आणि आई गोड हसून "हो हो" म्हणायच्या. मला कधीकधी भीती वाटायची, की ही दोघं हळूहळू त्या दुपारच्या उन्हात विरघळून जाणार आणि एक दिवस खिडकीत नुसत्या दोन खुर्च्या उरणार.

म्हणून मी ठरवलं, लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला ते गाणं वाजलंच पाहिजे!

अडचण एकच होती. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर सभागृह आहे, मोठ्या खिडक्यांचं, लाकडी जमिनीचं. पण त्याला लागूनच वाचनालय. मधे फक्त एक काचेचं दार. इमारतीचे व्यवस्थापक म्हणाले, "सभागृह घ्या, केक कापा, फोटो काढा. पण स्पीकर लागला तर वीज बंद करीन! आत लोक अभ्यास करतात. टाचणी पडली तरी तक्रार येते माझ्याकडे."

"गाणं वाजेल," मी म्हटलं, "पण आवाज होणार नाही."

मी त्यांना काही समजावून सांगितलं नाही. तज्ज्ञ लोक समजावत बसत नाहीत.

युक्ती सोपी होती. माझ्याकडे साबणाच्या डबीएवढी एक पेटी आहे. मी बसवलेलं प्रत्येक मशीन त्या पेटीला ओळखतं. पेटीत गाणं लावायचं, फोनवर बटण दाबायचं, की गाणं थेट कानात! बाहेर कुणालाही काही कळत नाही. शिवाय गाणं चालू असताना मशीन बाहेरचे आवाज दाबून टाकतं, म्हणजे ऐकणाऱ्याला कशाचा त्रास नको. ही खास सोय मीच सगळ्यांना करून दिली होती. ही 'सगळ्यांना' लक्षात ठेवा.

नवऱ्याला योजना सांगितली. तो अग्निसुरक्षा निरीक्षक आहे. त्याला ताजमहाल दाखवला तरी आधी बाहेर पडायचे दरवाजे मोजेल. त्याने सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, "पेटी कुठल्या प्लगला लावणार?"

"केकच्या टेबलामागे. फुलदाणीत लपवून."

"फुलदाणीत पाणी असेल!"

"कागदाची फुलं आहेत रे!"

"म्हणजे ज्वालाग्राही," तो म्हणाला आणि निघून गेला.

दुपारी चार वाजता सभागृह भरलं. तीसेक माणसं असतील. उन्हाचे लांब पट्टे खिडक्यांतून आत येऊन जमिनीवर आडवे पडले होते, त्यांत धूळ सोन्यासारखी तरंगत होती. बाबांनी नवा कोट घातला होता. आईंनी केस हल्लीच्या सवयीने कान झाकतील असे बांधले होते. छान दिसत होत्या. पाहुण्यांत बाबांबरोबर सकाळी फिरायला जाणारी सगळी मंडळी होती. मोठ्या बाई, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांच्यासमोर अजूनही माणसं नखं लपवतात. पोस्टमास्तर, ज्यांना मी आजवर हसताना पाहिलं नव्हतं. असे अकरा जण. आणि या अकराही जणांना, बाबांचं बघून, मीच मशीनं बसवली होती.

आता फोनवर बटणं दोन असतात. एक 'एकाला'. दुसरं 'सर्वांना'.

आलं ना लक्षात? मला नाही आलं.

नवरा आभाराचं भाषण करायला उभा राहिला. "आई-बाबांनी मला लहानपणापासून एक गोष्ट शिकवली," त्याने सुरुवात केली, "ती म्हणजे गॅसचा नळ बंद करणे." मी मागच्या खांबाला टेकून हळूच बटण दाबलं आणि बाबांकडे बघितलं.

बाबांचा हात कपाकडे जाता जाता हवेतच थांबला. चेहरा असा झाला, की खूप लांबून कुणीतरी त्यांना लहानपणीच्या नावाने हाक मारली असावी. त्यांनी छताकडे बघितलं. खिडकीकडे बघितलं. आणि मग डोळे मिटून घेतले.

जमलं! मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारायची तेवढी बाकी ठेवली.

एवढ्यात मोठ्या बाईंचा पाय हलला.

आधी मला वाटलं, मुंगी आली असेल. पण तो पाय ढोलकीच्या ठेक्यावर हलत होता! पोस्टमास्तरांचा चमचा बशीवर टिक टिक करायला लागला. त्यांच्यापलीकडच्या काकांची मान डोलायला लागली, त्यांच्या शेजारच्या काकूंची बोटं मांडीवर नाचू लागली. प्रत्येक जण एकटा. प्रत्येकाचे डोळे अर्धे मिटलेले. वाऱ्याची झुळूक आल्यावर शेतातली कणसं हलतात तशी अकरा पांढरी डोकी एका लयीत हलत होती, आणि सभागृहात नवऱ्याच्या भाषणाशिवाय आवाज नव्हता.

नवऱ्याला वाटलं, भाषण रंगतंय! त्याच्या भाषणाला आजवर कुणी डोललं नव्हतं. त्याचा आवाज चढला. "मला गोवर आला तेव्हा," तो म्हणाला, "आई रात्रंदिवस माझ्या उशाशी..."

आणि मोठ्या बाई ताडकन उठल्या. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि एक गिरकी घेतली!

"गोवर आला होता," नवरा चाचरत म्हणाला, "बरा पण झाला..."

पोस्टमास्तर उठले. कोट काढून खुर्चीवर टाकला आणि खांदे उडवायला लागले. हसत होते! मग एकेक करून सगळेच उठले. ज्यांना मशीनं नव्हती ती मंडळी हातात सँडविच धरून दगडासारखी बसून राहिली. आणि मधल्या मोकळ्या जागेत, उन्हाच्या पट्ट्यांत, अकरा म्हातारी माणसं एक शब्द न बोलता नाचत होती. आवाज फक्त चपलांचा. सुर्र, सुर्र, टप. सुर्र, सुर्र, टप. एखाद्याचं स्वप्न चुकून उघडं राहिलेलं असावं आणि आपण दारातून आत बघावं, तसं वाटत होतं.

मी फोनकडे बघितलं. 'सर्वांना'.

मी घाईघाईने थांबवायचं बटण शोधायला लागले. तेवढ्यात नवरा धावत माझ्याकडे आला, चेहरा पांढराफटक.

"लक्षणं बघ! चेहरे लाल, तोल जातोय, कारण नसताना हसू! गॅस आहे हा! बिनवासाचा गॅस!"

"अरे, गॅस नाही, गाणं..."

"कुठलं गाणं? मला नाही ऐकू येत गाणं! तुला येतंय?" त्याने माझ्या डोळ्यांत निरखून बघितलं. "तुलाही चढतोय! बाहेर चल!"

"मला नाही ऐकू येत, त्यांना येतंय!"

"तेच म्हणतोय मी! भास!"

आणि माझ्या हातातला फोन हिसकावून, अग्निशमन दलाचा नंबर फिरवत, तो खिडक्या उघडत सुटला. "सगळे बाहेर! रांगेत! धक्काबुक्की नको!" ज्यांना मशीनं नव्हती ती माणसं सँडविचसकट पळाली. ज्यांना होती त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. त्यांच्या कानांत बाहेरचा आवाज शिरतच नव्हता. खास सोय! मोठ्या बाईंनी तर नवऱ्याचा हात धरून त्यालाच एक गिरकी दिली. तो सुटला तो थेट धोक्याच्या घंटेपाशी, आणि त्याने काच फोडली.

घंटा अशी कडाडली, की काचेच्या दारातून वाचनालयातली माणसं पुस्तकं डोक्यावर धरून पळाली. व्यवस्थापक धावत आले आणि दारातच थबकले.

"मी काय सांगितलं होतं?" ते घंटेवर आवाज चढवून ओरडले. "स्पीकर नाही म्हणून सांगितलं होतं!"

"स्पीकर नाहीच आहे!" मी ओरडले.

"मग ही मंडळी कशावर नाचताहेत?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. फोन नव्हता, म्हणजे आता पेटीच बंद करायला हवी. मी केकच्या टेबलामागे गुडघ्यांवर बसले, फुलदाणी बाजूला केली, प्लगवर हात ठेवला. आणि ओढणार, एवढ्यात वर बघितलं.

बाबा खुर्चीतून उठले होते. कोटाची बटणं नीट लावून ते आईंसमोर उभे राहिले आणि हात पुढे केला. आईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग जिन्यावरून शेवटची पायरी उतरावी तसा जपून पाय खाली टेकला आणि उठल्या.

दोघं नाचायला लागली. नाच कसला, दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे. बाबांचा उजवा हात आईंच्या डाव्या हातात. उन्हात दोघांच्या सावल्या लांब होऊन भिंतीपर्यंत गेल्या होत्या, आणि भिंतीवर त्या पन्नास वर्षांनी लहान दिसत होत्या. खोलीभर घंटा किंचाळत होती, आणि ती दोघं बासरीवर तरंगत होती. बासरी संपली, कोरस आला असावा, कारण सगळ्यांचे खांदे एकदम उडाले. बाबांचा उडाला. आणि त्याच क्षणी आईंचाही!

मी प्लग धरून तशीच बसले.

आईंचा कसा उडाला?

बाबांचं बघून? छे. बघून करणारा माणूस अर्ध्या ठेक्याने मागे राहतो, हे मी रोज बघते. आईंचा खांदा नेमका ठेक्यावर पडला होता. म्हणजे आईंना गाणं ऐकू येत होतं. आणि गाणं फक्त मशीनमध्ये होतं. आईंना तर मशीन नव्हतंच!

तेवढ्यात एका गिरकीत आईंचे केस जरा बाजूला झाले, आणि डाव्या कानामागे मला ते दिसलं. मीच बसवलेलं. बाबांचं. बाबांच्या डाव्या कानात काही नव्हतं.

एक जोडी, दोघांत वाटून घेतलेली! आणि मी, दारातच ओळखणारी, दोन वर्षं एकाच घरात!

प्लग ओढायचा की नाही? बाहेर गोंधळ, व्यवस्थापक लालबुंद, नवरा फोनवर पत्ता सांगतोय. शहाण्या बाईने ओढला असता. मी हात काढून घेतला. आणि खरं सांगते, गाणं संपत आलं तेव्हा पेटीवरचं 'पुन्हा' हे बटणही मीच दाबलं.

दुसऱ्यांदा कोरस यायच्या वेळेस अग्निशमन दल आलं. सहा धिप्पाड माणसं, टोप्या, बूट, पाण्याची नळी. त्यांच्या प्रमुखाने आत पाऊल टाकलं आणि नवऱ्याला विचारलं, "आग कुठाय?"

"आग नाही, साहेब. गॅस."

प्रमुखाने हातातलं यंत्र हवेत फिरवलं. "गॅस नाही."

"मग हे बघा ना! हे काय आहे?"

प्रमुखाने बघितलं. बराच वेळ बघितलं. घंटा कुणीतरी बंद केली होती. पुन्हा ती शांतता, पुन्हा ते सुर्र, सुर्र, टप. त्याने डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली. मोठ्या बाई तरंगत आल्या आणि त्याला हात धरून आत ओढून घेऊन गेल्या. तो गेलाही! त्या अवजड बुटांनी, कुठलं गाणं ते माहीत नसताना, जमेल तसा ठेका धरून.

मग गाणं संपलं.

सगळे एकदम थांबले. डोळे उघडले. आपण कुठे आहोत, हे शोधू लागले. समोर नळी धरून पाच माणसं उभी होती.

"मास्तर," मोठ्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हीही?"

"म्हणजे तुम्हालाही ऐकू आलं?" पोस्टमास्तरांनी सुटकेचा श्वास सोडला. "मला वाटलं, वरून बोलावणं आलं! म्हटलं, एवढ्या चांगल्या गाण्यावर नेत असतील तर जावं, कुरकुर कशाला!"

पुढचा अर्धा तास मी माफी मागत फिरत होते. अग्निसुरक्षा निरीक्षकाने स्वतःच खोटी वर्दी दिली, म्हणून प्रमुखाने नवऱ्याला चार पानी फॉर्म भरायला बसवलं. 'घटनेचे कारण' या रकान्यापुढे तो वीस मिनिटं पेन चावत होता. शेवटी त्याने लिहिलं, 'पत्नी'.

मी केकचे दोन तुकडे घेऊन आईंकडे गेले. बाबा शेजारीच बसले होते. मी आईंच्या कानावरचे केस बाजूला केले. आईंनी पकडल्या गेलेल्या मुलीसारखी जीभ चावली.

"कधीपासून, आई?"

"झाली की दोन वर्षं. ह्यांच्या आधीच मला कमी ऐकू यायला लागलं."

"तेव्हापासून अर्धी अर्धी जोडी?"

"टीव्हीवर हिरो काय म्हणतो ते ती सांगते," बाबा म्हणाले, "व्हिलनचं मी ऐकतो. चाललंय आमचं."

"पण मला सांगायचं ना! माझं कामच आहे हे!"

आईंनी माझा हात हातात घेतला. "अगं, तू सगळ्यांना सांगत असतेस, की माणूस दारातून आला की मी ओळखते. मी रोज दारातून येत होते. म्हटलं, आज ओळखेल, उद्या ओळखेल. पुढे पुढे मग मलाच सांगवेना. तुला केवढं वाईट वाटलं असतं!"

मी केक खाल्ला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

सोमवारी आईंना दवाखान्यात नेलं, आवाजबंद खोलीत बसवून रीतसर तपासणी केली. या वेळी कागदावर काहीतरी असावं म्हणून नाही, मला खरंच माहीत नव्हतं म्हणून. दोन्ही कानांना नवी मशीनं बसवली. आवाज कमी-जास्त करायची बटणं कुठे आहेत ते तीनदा दाखवलं. रात्री जेवताना मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळा दिवस सांगितला. कोण पेशंट आले, कोण काय म्हणालं, मी काय उत्तर दिलं, त्यावर ते काय म्हणाले. आई घास हातात धरून, डोळे विस्फारून ऐकत होत्या. एक शब्द चुकला नाही त्यांचा!

"मग?" मी अभिमानाने विचारलं. "काही फरक जाणवतोय?"

"हो तर!" आई म्हणाल्या. "दोन वर्षं मला वाटायचं, आपली सूनबाई किती मोजकं बोलते!"

आणि त्यांनी अगदी प्रेमाने माझ्याकडे बघत उजवा हात कानामागे नेला, आणि बटण दोनदा दाबलं. बरोबर तेच, आवाज कमी करायचं!